कारण सांगा, लेखी सांगा: मानवी हक्कांची गोष्ट खान्देशातून

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि त्याच सुमाराला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल फिरतं. मालक आणि सालदार ओट्यावर हिशेबाला बसतात. सालाचे ठरले एवढे, मधे उचल घेतली एवढी, पोरीच्या लग्नाला दिले एवढे, दवाखान्याचे एवढे. सालदाराचे पैसे निघाले, तर तो दुसरीकडे राहायला मोकळा. त्याच्याच अंगावर निघाले, तर पुढचं सालही याच मळ्यात.

कायद्याच्या नजरेत हा माणूस पूर्ण स्वतंत्र आहे. मतदान करतो, त्याचं आधार कार्ड आहे, त्याला कोणी दावणीला बांधलेलं नाही. तरी तो उठून जाऊ शकत नाही. हक्क आणि स्वातंत्र्य या विषयावर आठशे वर्षं जो वाद चालला आहे, त्यातला अर्धाअधिक या हिशेबात सापडतो.

यावर गावात हमखास एक उत्तर मिळतं: 'मालक चांगला असला म्हणजे झालं.' चांगले मालक असतातही. अंगावरचे पैसे सोडून देणारे, सालदाराच्या पोराची फी भरणारे मालक मी पाहिले आहेत. पण तो त्यांचा स्वभाव झाला. शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरू देतात आणि आपल्या नावावर नळ आहे, यात जो फरक, तोच मेहेरबानीत आणि हक्कात. भांडण झालं की विहीर बंद होते. समोरचा माणूस वाईट असला, चिडलेला असला, तरी जे मागता येतं आणि तो देत नसेल तर जिथे दाद लागते, त्याला हक्क म्हणायचं. हक्कांचा सगळा इतिहास म्हणजे मेहेरबानीच्या खात्यातली एकेक बाब हक्काच्या खात्यात ओढून आणण्याची खटपट आहे.

या खटपटीची सुरुवात पुस्तकांत १२१५ पासून सांगतात. इंग्लंडचा राजा जॉन लढाया हरला होता, तिजोरी रिकामी होती आणि सरदारांवर कर लादून लादून त्याने त्यांना बंडावर आणलं होतं. जूनमध्ये टेम्स नदीकाठच्या रनीमीड या कुरणावर सरदारांनी त्याच्याकडून एक सनद कबूल करून घेतली. तीच मॅग्ना कार्टा. नावाला भारदस्त, पण ६३ कलमं वाचत गेलं तर बराचसा भाग सरदारांच्या घरगुती गाऱ्हाण्यांचा आहे: वारसाने किती रक्कम भरायची, विधवेला जबरदस्तीने लग्न लावायचं नाही, नदीतले मासे धरायचे बंधारे काढा, दारूचं आणि कापडाचं माप सगळीकडे एक ठेवा. मधेच एकोणचाळीसावं कलम येतं. कोणाही स्वतंत्र माणसाला त्याच्या बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय पकडायचं नाही, कैदेत टाकायचं नाही, त्याची मालमत्ता हिसकायची नाही.

यात 'स्वतंत्र माणूस' ही अट मोठी आहे. त्या काळी इंग्लंडात जमिनीला बांधलेली कुळं ढीगभर होती, आणि ती यात धरलेली नव्हती. शिवाय पोपने दोन-अडीच महिन्यांतच ती सनद रद्दबातल ठरवली. म्हणजे 'लोकशाहीचा जन्म झाला' वगैरे जे म्हणतात, ते नंतर चढवलेलं सोनं आहे. त्या कुरणावर झालं ते एवढंच, की पकडायच्या आधी कारण आणि रीत दाखवावी लागेल, हे राजाने कागदावर मान्य केलं.

मला या सनदेपेक्षा तिची धाकटी बहीण जास्त जवळची वाटते, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या कोणालाही वाटेल. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर मोठमोठे प्रदेश 'राजाचं जंगल' म्हणून जाहीर केले होते. राजाला शिकार हवी, म्हणून त्या हद्दीत राहणाऱ्यांनी लाकूड तोडायचं नाही, झुडूप काढून शेत पाडायचं नाही, हरणाला हात लावायचा नाही. हरीण मारलं तर अवयव तोडण्यापासून जीव घेण्यापर्यंत शिक्षा. या जंगलांची स्वतंत्र न्यायालयं, स्वतंत्र पहारेकरी, आणि दंड हे तर राजाच्या कमाईचं साधनच होतं. नोव्हेंबर १२१७ मध्ये, दहा वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या नावाने, जंगलाची वेगळी सनद निघाली. बळकावून जंगलात धरलेल्या जमिनी सोडल्या. डुकरं चारायला सोडता येतील, आपल्या जमिनीत तळं, गिरणी करता येईल असं लिहिलं. हरणासाठी यापुढे कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही. दंड होईल, दंड भरायची ऐपत नसेल तर एक वर्ष आणि एक दिवस कैद. ही सनद इंग्लंडच्या कायद्यात १९७१ पर्यंत कुठे ना कुठे टिकून होती.

दोन्ही सनदांचा फरक बघण्यासारखा आहे. मोठी सनद मुख्यतः सरदारांच्या अंगाला आणि मालमत्तेला राजाचा हात लागू नये म्हणून. धाकटी सनद सरपण, चराई, शेत यांच्यासाठी, म्हणजे पोटासाठी. पुढे जगभर गाजावाजा झाला तो पहिलीचा.

सतराव्या शतकात गोष्ट वेगाने पुढे सरकली. १६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्याने, पकडलेला माणूस न्यायाधीशापुढे हजर करा आणि कारण सांगा, हा हुकूम पक्का केला. १६८९ मध्ये संसदेने राजाकडून हक्कांचं विधेयक मान्य करून घेतलं. त्याच सुमाराला जॉन लॉक या विचारवंताने मांडणीच उलटी केली. तोवर हक्क राजा देत होता. लॉक म्हणाला, जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरचा हक्क माणसाकडे राज्य येण्याच्या आधीपासून आहे. राज्य नेमलं ते तो सांभाळायला, आणि ते सांभाळत नसेल तर बदलता येतं. हाच लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवून होता, हेही नोंदवून ठेवावं.

कारण पुढचं शतकभर हाच प्रकार दिसतो: वाक्य सगळ्यांसाठी, अंमल थोड्यांसाठी. १७७६ मध्ये अमेरिकेच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान जन्मली आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसनच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते. १७८९ मध्ये फ्रान्सने माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा १७ कलमी जाहीरनामा काढला. ऑलिंप द गूज या बाईने १७९१ मध्ये त्याच धर्तीवर बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. बाईला फासाच्या तख्तावर चढायचा हक्क असेल तर भाषणाच्या व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे, असा तिचा दावा. दोन वर्षांनी क्रांतिकारकांनी तिचं डोकं उडवलं. आणि त्याच १७९१ मध्ये फ्रान्सच्या ताब्यातल्या हैतीत उसाच्या मळ्यांवरचे गुलाम उठले. हक्कांचे बोल पॅरिसमधून बेटापर्यंत पोचले होते, आणि गुलामांनी ते आपल्यासाठीच लिहिलेत असं धरून चालायला सुरुवात केली. १७९४ मध्ये फ्रान्सला गुलामी रद्द करावी लागली, १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणली, १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झालं.

माझ्या मते हक्कांच्या वाढीचं खरं यंत्र हेच आहे. वरच्यांनी आपल्या सोयीसाठी एक व्यापक वाक्य लिहायचं, आणि ज्यांना त्यातून वगळलं त्यांनी ते वाक्य हातात धरून विचारायचं: आम्ही माणसं नाही का? तत्त्वज्ञांनी शब्द दिले, पण वाढवलं वगळलेल्यांनी.

मग हे सगळं बाहेरूनच आलं का? आपल्याकडे समतेचा विचार नव्हता का? होता, आणि जुना होता. वारकरी संतांनी देवापुढे सगळे सारखे म्हणून सांगितलं. पण चोखोबा पायरीशीच राहिले. देवाकडे दाद होती, बडव्यांविरुद्ध दाद मागायची जागा नव्हती. ती जागा मागायला सुरुवात केली जोतीराव फुल्यांनी. थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक त्यांनी तरुणपणीच वाचलं होतं. १८७३ चं 'गुलामगिरी' त्यांनी गुलामी मोडून काढणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. आणि १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन देताना शूद्रादी शेतकऱ्यांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, पैसा शेतकऱ्याच्या करातून येतो तर शिक्षण त्यालाच का नाही, असा रोकडा हिशेब मांडला.

त्याच काळात आमच्या खान्देशात उलटा प्रवास चालू होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांकडे गेला. भिल्लांशी काही वर्षं लढून झाल्यावर १८२५ मध्ये आउट्रम या अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. जुने गुन्हे माफ, पगार चालू, नांगर धरणाऱ्याला तगाई, म्हणजे सरकारी शेतकर्ज. इंग्रज याला मोठं दयाळू धोरण म्हणत. पण दया ती दयाच. १८७८ च्या जंगल कायद्याने आरक्षित जंगलात लाकूड तोडणं, गुरं चारणं, शेत पाडणं हे गुन्हे ठरले. जे बापजाद्यांपासून चालत होतं, ते सरकारच्या मर्जीतली सवलत झालं. ज्या इंग्लंडने आपल्या राजाच्या जंगलातून १२१७ मध्ये सुटका करून घेतली, त्याच इंग्लंडने साडेसहाशे वर्षांनी सातपुड्यात राजाचं जंगल उभं केलं.

याहून वाईट कायदा १८७१ चा, गुन्हेगार जमातींचा. तो उत्तर हिंदुस्थानात सुरू झाला आणि १९११ मध्ये देशभर पसरला. काही जमातींना त्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. हजेरी, गाव सोडायला परवानगी, पास. मॅग्ना कार्टाच्या एकोणचाळीसाव्या कलमात 'निवाड्याशिवाय पकडायचं नाही' म्हटलं होतं. इथे पोर जन्मायच्या आधीच निवाडा झालेला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, ही तक्रार मात्र अजून ऐकू येते.

मेहेरबानी आणि हक्क यांतली रस्सीखेच आमच्या सानेगुरुजींच्या उपोषणातही दिसते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले हे मास्तर. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते १ मे १९४७ ला प्राणांतिक उपोषणाला बसले आणि दहाव्या दिवशी बडवे नमले. गुरुजींबद्दल बोलताना आम्हा खान्देशवाल्यांचा ऊर भरून येतो, तो यायलाच हवा. पण त्याच्या वीस वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर उतरले होते, आणि त्यांचा रोख वेगळा होता. तळं सार्वजनिक आहे, नगरपालिकेने ते खुलं केल्याचा ठराव आहे, म्हणजे आम्ही कोणाचं मन वळवायला आलेलो नाही, आमचं पाणी प्यायला आलो आहोत. गुरुजींनी मनं वळवली. पण प्रत्येक देवळासाठी जिवावर उदार होणारा एकेक गुरुजी कुठून आणायचा? म्हणून संविधानात सतरावं कलम लागलं: अस्पृश्यता नष्ट, आणि ती पाळणं गुन्हा. बडव्याचं मन वळो न वळो.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने जे केलं, त्यातलं पुष्कळसं जर्मनीच्या कायद्याला धरून होतं. त्यामुळे देशाचा कायदाच बिघडला तर दाद कुठे, हा प्रश्न जगापुढे आला. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा मंजूर केला: बाजूने ४८, विरोधात शून्य, तटस्थ ८. पहिल्या कलमाच्या मसुद्यात फक्त 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असे शब्द होते. ते बदलून 'सर्व मानव' करायला लावलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. त्या सुरतेच्या, म्हणजे आमच्या नवापूरच्या पलीकडच्याच. जाहीरनाम्याला कायद्याचे दात नव्हते. ते १९६६ च्या दोन करारांनी थोडेफार आले: एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक आणि सामाजिक. एकाच करारात दोन्ही मावले नाहीत, कारण अमेरिकेच्या गोटाला बोलण्याचं स्वातंत्र्य मोठं वाटत होतं आणि रशियाच्या गोटाला भाकरी. थोरली आणि धाकटी सनद पुन्हा वेगळी.

आपल्या संविधानातही ही फारकत आहे. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. त्या बत्तिसाव्या कलमाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटलं. रोजगार, पोटापुरती मजुरी या गोष्टी मात्र मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे सरकारने लक्षात ठेवाव्यात अशा यादीत.

पहिली बाजूसुद्धा किती पातळ होती, ते आणीबाणीत कळलं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितलं, की आणीबाणी असेतोवर बेकायदा अटकेविरुद्धही हेबियस कॉर्पस मागता येणार नाही. १६७९ मध्ये जे पक्कं झालं होतं, ते गेलं. विरोधात लिहिणारे एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना, पुढे ज्येष्ठता असून त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. १९७८ च्या चव्वेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने एकविसावं कलम, जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं, आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तजवीज केली. तो निकाल न्यायालयाने स्वतः अधिकृतपणे मोडीत काढला तो थेट २०१७ मध्ये.

आता सालदाराकडे वळू. १९७२ च्या आगेमागे, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्यात भिल्ल शेतमजूर उठले. दुष्काळ होता, जमिनी कर्जापायी गुजर-पाटलांकडे गेलेल्या, आणि आपल्याच जुन्या शेतात लोक सालदार होते. अंबरसिंग सुरतवंती हा त्यांच्यातलाच माणूस पुढे होता. श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या काय होत्या? सालदारकीचा दर वाढवा, सुट्टी द्या, गेलेली जमीन परत द्या. बायकांनी दारूचे गुत्ते फोडले, नवऱ्यांची मारहाण सभेत आणली. घटनेतलं एकही कलम त्यांनी उद्धृत केलं नसेल. पण १९७४ मध्ये आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राला करावा लागला. १९७६ मध्ये वेठबिगारी रद्द करणारा केंद्राचा कायदा आला.

आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओट्यावरच्या त्या कोड्याला उत्तर दिलं. दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी बांधकामं चालली होती आणि मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं. सरकारी बाजूचं म्हणणं साधं: कोणी जबरदस्ती केली नाही, आपण होऊन कामाला आले. न्यायमूर्ती भगवतींनी म्हटलं, की जबरदस्ती फक्त काठीची नसते, भुकेचीही असते. किमान वेतनापेक्षा कमी पैशात कोणी राबत असेल, तर तो नाइलाजाने राबतो आहे असंच धरायचं, आणि ती तेविसाव्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरी आहे. भाकरीचा प्रश्न अशा रीतीने मूलभूत हक्काच्या दारातून आत आला. या एका निकालाची माहिती शाळेच्या पुस्तकात जेवढी हवी तेवढी नाही, असं मला नेहमी वाटतं.

जंगलाचा हिशेब बाकी होता. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीची. नर्मदेच्या पाणीतंट्यावरच्या लवादाने १९७९ मध्ये जमीनधारकाला जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान पाच एकर, असं ठरवलं. पण डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेलं शेत वनखात्याच्या दप्तरी 'अतिक्रमण'. सातबाराच नाही तर जमीनधारक कसला? कागद नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क कधी मानला नाही म्हणून कागद नाही.

हा गुंता सोडवायला २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असलेल्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. पुरावे काय चालतात ते पाहिलं की कायदा लिहिणाऱ्यांनी गुंता नीट ओळखला होता हे कळतं: शेतातला बांध, झोपडीचं जोतं, मतदार ओळखपत्र, सरकारी चौकशीचे अहवाल, आणि गावातल्या म्हाताऱ्याचा जबाब लिहून घेतलेला. सातपुड्यात दाव्याची फाईल उघडा, वर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली वनखात्याच्या दंडाची पावती निघते. बापाने अमुक साली अमुक कंपार्टमेंटमध्ये, म्हणजे जंगलाच्या नंबर दिलेल्या तुकड्यात, नांगर घातला म्हणून केलेला दंड. गुन्ह्याचा तो कागद आता कब्जाचा पुरावा आहे. ज्याला गार्डने दंड केला नाही, त्याची फाईल उलट लंगडी.

दावा नाकारला तर? इथे १२१५ मधली ती जुनी रीत कामाला येते. नाकारण्याचं कारण लेखी द्यावं लागतं. दावेदाराला स्वतःला कळवावं लागतं; ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी डकवून भागत नाही. कळल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं, आणि पडताळणी पुरी होईपर्यंत शेतातून हुसकता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि पंधरवड्यातच स्थगित केला, तोही याच मुद्द्यावर: फेटाळताना रीत पाळली होती का, ते राज्यांनी आधी सांगावं.

तेव्हा ज्यांच्या घरी 'दावा अपात्र' एवढ्या दोन शब्दांचा कागद आला असेल, त्यांनी तो घेऊन गप्प बसू नये. कारण लिहिलं नसेल तर ते मागावं, मागितल्याची पोच घ्यावी, आणि कागद हातात पडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवावी. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत असतं. नोटीस त्या दिवसांत येऊन शेजाऱ्याकडे टाकली गेली असेल, तर ती दावेदाराला मिळाली असं होत नाही, आणि हे परत आल्यावर समितीपुढे सांगता येतं.